नाकाला पेलेल असा पडदा

ऐकू न येणाऱ्या माणसाने चष्मा लावावा आणि समोरच्याचे बोलणे त्याला हवेत अक्षरांनी लिहिलेले दिसावे! समोरचे खरे दृश्य तसेच ठेवून त्यावर अक्षरे, नकाशे, चित्रे उमटविणाऱ्या या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ म्हणतात. पण असा चष्मा दिवसभर वापरायचा, तर तो नाकाला पेलला पाहिजे. तिथेच घोडे पेंड खाते.

मुळात अडचण आहे डोळ्याची. पुस्तक डोळ्याच्या अगदी जवळ आणून पाहा, अक्षरे पुसट होतात. निरोगी डोळ्यालाही सुमारे २५ सेंटिमीटरच्या आतले सहजपणे स्पष्ट दिसत नाही. चष्म्याची काच तर त्याहून कितीतरी जवळ! म्हणून काचेवर नुसते चित्र उमटवून भागत नाही. ते दूरवरून येत आहे असे डोळ्याला वाटावे लागते. त्यासाठी भिंगे आणि आरसे आले, त्यांच्याबरोबर जाडी आणि वजनही आले. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे उपकरण बनविले, तेव्हा ते छताला टांगावे लागले होते. मायक्रोसॉफ्टचे २०१९ मधले ‘होलोलेन्स २’ डोक्यावर बसले खरे, पण वजन भरले ५६६ ग्रॅम.

मग वजन घटवायचे कसे? चष्म्याच्या काचेलाच प्रकाशाची वाट करायची! दांडीजवळचा इवलासा प्रक्षेपक चित्राचे किरण काचेत सोडतो. पुरेसे तिरके शिरलेले किरण बाहेर न पडता आतल्या आत परावर्तन पावत पुढे सरकतात. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंतून चित्र पाठविण्याविषयी लिहिले, ते याच तत्त्वावर. चष्म्यात डोळ्यासमोर आल्यावर काचेवरच्या अतिसूक्ष्म रेघा हे किरण डोळ्याकडे वळवितात.

काच पातळ झाली, पण तिची किंमत मोजावी लागते. बराच प्रकाश वाटेतच हरवतो, त्यामुळे भर उन्हात चित्र फिके पडते. शिवाय त्या रेघांमुळे दिव्यांभोवती इंद्रधनुषी रंग दिसू शकतात. चित्र रुंद हवे, तर अधिक कोनांतले किरण आत धरून ठेवावे लागतात, आणि साध्या काचेची ती ताकद मर्यादित असते.

मेटा कंपनीने २०२४ मध्ये दाखविलेल्या ‘ओरायन’ या नमुन्यात म्हणून काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरले. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, तर याचा सुमारे २.६. त्यामुळे चित्र सुमारे ७० अंश रुंद मिळाले आणि वजन १०० ग्रॅमच्या आत राहिले. अर्थात गणन करणारी डबी वेगळी बाळगावी लागते, आणि हा कठीण पदार्थ कापणे, घासणे खर्चाचे असल्याने तो नमुना विक्रीला आला नाही.

प्रकाश काचेत कोंडण्याची विद्या तर साधली आहे. आता ती सामान्य माणसाच्या नाकाला आणि खिशालाही पेलायला हवी.