खालचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या घरात आठ दिवस बापलेकाचा अबोला होता. कारण काय, तर मॉनिटर!

नातू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नसराईत एका फोटोग्राफरकडे व्हिडिओ एडिटिंग करून त्याने आठ हजार रुपये जमवले होते. घरातला जुना मॉनिटर बदलून 'गेमिंग मॉनिटर' घ्यायचा त्याचा बेत. 'गेमिंग' हा शब्द ऐकूनच माझा मुलगा उखडला. "गेम खेळायला मॉनिटर? त्यापेक्षा पैसे विहिरीत टाक." कमी पडणारे पैसे आबांनी, म्हणजे मी, पेन्शनीतून द्यावेत अशी गुपचूप विनंती आली आणि मी मधल्यामध्ये सापडलो.

मुलाची भीती अगदीच खोटी नव्हे. मोबाईलवर पैसे लावून खेळणारी, कर्जात बुडालेली पोरं सगळ्यांनीच पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्या खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पण हा खेळ तो नव्हे, आणि मॉनिटर म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. मास्तर माणूस.. न समजता पैसे देणार नाही, आणि न समजता नाहीही म्हणणार नाही. "आधी मला समजाव," म्हटलं.

दोन संध्याकाळी तो समजावत बसला. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

जुना मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने रंगवतो, वरून खाली, ठरल्या वेळी. चित्रं तयार करून देतं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, आणि ते काही ठरल्या वेळी देत नाही. खेळात नुसती भिंत दिसत असेल तर सेकंदाला नव्वद चित्रं; धूर, पाणी, गर्दी आली की चाळीस. मॉनिटर अर्ध्यावर रंगवून झालेला असताना नवं चित्र आलं, की वरचा भाग जुन्याचा आणि खालचा नव्याचा. मधे चीर पडल्यासारखं दिसतं. आमच्या पिढीला हे नवं नाही. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर ऐन वेळी चित्र वर वर पळायला लागायचं. मग मागे हात घालून एक बटण हळूहळू फिरवायचं आणि अख्खी आळी ओरडायची, "थांबलं, थांबलं, हात काढा!" तेव्हाही भांडण हेच, येणाऱ्या चित्राचा ताल आणि टीव्हीचा ताल जुळत नसायचा.

यावर पहिला उपाय निघाला तो असा की कार्डाने मॉनिटरची वेळ पाळायची. समजा, गोंदियाहून बालाघाटला जाणारी जुनी छोट्या लाईनची गाडी आहे. तुमची नागपूरची गाडी दोन मिनिटं उशिरा आली. छोटी गाडी तर वेळेवर सुटली. आता दोन मिनिटांच्या उशिरासाठी तुम्ही पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर बसा! चित्राचंही तसंच होतं. चीर जाते, पण थोडा उशीर झालेलं चित्र पूर्ण एक फेरी थांबतं आणि खेळ अडखळायला लागतो.

दुसरा उपाय उलटा आहे. गाडीनेच प्रवाशासाठी थांबायचं. कार्डाचं चित्र तयार झालं की मॉनिटर रंगवणार, तोवर वाट पाहणार. एनव्हिडिया कंपनीने २०१३ साली 'जी-सिंक' नावाने हे आणलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा वेगळा भाग बसवावा लागे, म्हणून ते महाग पडे. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात घातली, आणि एएमडी कंपनीचे 'फ्रीसिंक' मॉनिटर त्यावर निघाले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली. नातवाचं कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १६५०. म्हणजे त्याला महागडा जी-सिंकवाला घ्यायची गरजच नव्हती. ही एक गोष्ट कळली आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, पण त्याला एकच भाषा येत होती. "सरजी, दोनशे चाळीसवाला घ्या, एकदम मक्खन!" २४० हर्ट्झ, किंमत एकोणीस हजार. त्याच्या शेजारी १४४ हर्ट्झवाला, अकरा हजार. आणि एक ७५ हर्ट्झवाला, साडेसात हजार, त्याच्यावरही मोठ्या अक्षरात 'फ्रीसिंक'. नातू त्या साडेसात हजारावर यायला तयार होता. म्हणाला, "आबा, हा माझ्याच पैशात बसतो. तुम्हाला त्रास नको."

मी विचारलं, "हे थांबणं कुठवर? मॉनिटर किती हळू होऊ शकतो?"

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. वरचा आकडा सगळे विचारतात. खालचा कोणी विचारत नाही! तिन्ही खोक्यांवर तो छापलेलाच नव्हता. नातवाने मोबाईलवर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शोधला. साडेसात हजारवाल्याचा पल्ला ४८ ते ७५. अकरा हजारवाल्याचा ४८ ते १४४.

दोघांचाही खालचा आकडा ४८च, मग फरक काय? फरक असा. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून बराच जास्त असेल तर कार्ड चाळीसवर घसरलं तरी तेच चित्र दोनदा दाखवून, ऐंशीच्या गतीने, ताल सांभाळता येतो. ४८ ते ७५ मध्ये ऐंशीला जागाच नाही. तिथे चाळीसला सगळी सोय बंद, आणि पुन्हा चीर नाहीतर अडखळणं. आणि नातवाचं कार्ड चाळीसवर घसरतं ते नेमकं जड प्रसंगी, जेव्हा सोय हवी असते तेव्हा. तो स्वस्त मॉनिटर त्याच्यासाठी फुकट गेलेले साडेसात हजार होते.

आणि दोनशे चाळीसवाला? ज्याचं कार्ड सेकंदाला दोनशे चित्रं देतं त्याने खुशाल घ्यावा. चाळीस ते नव्वदवाल्याने नव्हे.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. ही सोय ताकदवान कॉम्प्युटरवाल्यांची चैन म्हणून विकली जाते, हे चूक आहे. ज्याच्याजवळ सगळंच भारी आहे त्याला ताल बिघडल्याचं फारसं जाणवत नाही. खरी गरज आहे ती जुनं, हलकं कार्ड असलेल्या पोराला. आठ हजार जमवणाऱ्याला. आणि त्यालाच दुकानात सांगितलं जातं, 'तुमच्या बजेटमध्ये हा घ्या, यातही फ्रीसिंक आहे.'

दुकानदाराला मी नावं ठेवत नाही. दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर बोर्ड लागतो. पहिला अमुक टक्के, दुसरा तमुक. मीही असे बोर्ड हौसेने रंगवून घेतले आहेत. शेवटच्या बाकावरच्याचं काय झालं ते त्या बोर्डावर कधी नव्हतं. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत असायचा. पंधरा दिवसांनी पोरं परत यायची तोवर माझे तीन धडे पुढे गेलेले. अभ्यासक्रम वेळेत संपवला याचा मला अभिमान होता. त्या पोरांच्या वह्या मात्र अशाच असायच्या, वर जुना धडा, खाली नवा, मधलं सगळं फाटलेलं. एकाने एकदा विचारलं होतं, "सर, थोडं थांबता का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. थांबलो नव्हतो हे आठवतं.

असो.

अकरा हजारवाला घेतला. तीन हजार माझे. घरी आल्यावर आणखी गंमत. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल होती, ती सोडून नातवाने सवयीने जुनी एचडीएमआय जोडली, आणि जी-सिंकचा पर्याय काही दिसेना. केबल बदलली, मॉनिटरच्या मेन्यूत फ्रीसिंक चालू केलं, मग कार्डाच्या सेटिंगमध्ये जी-सिंक. विंडोज तरीही साठवरच अडून बसलं होतं, तेही हाताने १४४ वर न्यावं लागलं. हे न करता वर्षभर साठवरच खेळणारे किती असतील कोण जाणे.

नातवाने मला एक शर्यतीचा खेळ दाखवला. आधी सोय बंद करून, मग चालू करून. रस्त्याकडेच्या खांबांना पडणारी चीर गेली. माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनाही दिसलं.

मुलगा तेव्हा दारात उभा होता. बोलला नाही काही. रात्री दहाच्या सुमारास बँकेची बॅग घेऊन नातवाच्या खोलीत गेला. "यावर दोन शीट शेजारी शेजारी दिसतात का रे?" असं काहीसं ऐकू आलं. नातू म्हणाला, "या ना बाबा, बसा."

मी दिवा मालवला.