पगार झाकण्याची ‘परंपरा’ कोणाची?

१/ ‘बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये’ ही उक्ती आता नेमणूकपत्रातील कलम होऊन बसली आहे: वेतन सहकाऱ्याला सांगितल्यास कारवाई. वर ही आपली जुनी रीत असल्याचा दावा. महाराष्ट्राचा कामगार-इतिहास या दाव्याला दुजोरा देत नाही.

२/ पुरावा दूरचा नाही. धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. १९७२च्या दुष्काळात हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता (जालना जिल्हा १ मे १९८१चा). त्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आकाराला आला: मंजुरी १९७७ची, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. काम मोजून दाम, आणि मापाचा दर स्त्री-पुरुषांना एकच. मजुराचे नाव, दिवस, रक्कम सारे हजेरीपटावर. केंद्राच्या २००५च्या कायद्याने हा पट जनतेला खुला केला आणि ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. २०२४-२५मध्ये महाराष्ट्राचा दर होता रोजी २९७ रुपये. धावड्यातील मजुराने त्यातले किती मिळवले, हे दिल्लीत बसलेल्यालाही संकेतस्थळावर पाहता येई. त्याच्या खासगीपणाची चिंता तेव्हा कोणाला वाटली नाही!

३/ तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे मासिक वेतन प्रसिद्ध करावे, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते. तेही २००५चेच.

४/ यावर ठरलेले उत्तर येते: तो सरकारी पैसा, खासगी आस्थापनेचे तसे नसते. मग १९२८कडे पाहावे. मुंबईच्या गिरण्या खासगीच होत्या. सुमारे सहा महिने चाललेल्या त्या संपात ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे संयुक्त संपसमितीत एकत्र होते. एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा दर मिळे. दरांचे प्रमाणीकरण हा तंट्यातील कळीचा विषय, आणि तो पुढे फॉसेट समितीपुढे गेला. शेजारच्या गिरणीचा दर कामगाराला ठाऊक नसता, तर हा तंटा उभाच कशावर राहिला असता?

५/ आणखी एक विसंगती. शहरी नोकरदाराच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून एक ओळ असते. १९७५च्या कायद्याने बसवलेला हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठी होता. उघड्या हजेरीपटाला पैसा पुरवणारे पत्रक स्वतः मात्र गोपनीय!

६/ गुप्ततेने कलह टळतो म्हणे. टळते ती तुलना. समान मोबदल्याचा कायदा १९७६मध्ये झाला. पण शेजारच्या टेबलावरील पुरुषाचा पगार जिला ठाऊकच नाही, तिने दाद मागायची कशाच्या आधारावर? अमेरिकेत गुडइयरच्या कारखान्यातील लिली लेडबेटर यांना आपले वेतन पुरुष सहकाऱ्यांहून कमी असल्याचे कळले ते एका निनावी चिठ्ठीतून, तेही नोकरीच्या अखेरीस. २००७मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. कारण दिले, तक्रारीची १८० दिवसांची मुदत उलटून गेली होती.