उंबरठ्याला लांबी

जुन्या गाडीच्या मालकाची परीक्षा करायची असेल तर त्याच्या बोलण्याकडे मुळीच लक्ष देऊ नये. खिशात एक लोहचुंबक ठेवावा. फ्रिजच्या दारावर चिकटवतात तसला, गणपतीचा, केळ्याचा, कुठलाही चालेल. तो रुमालात गुंडाळून (रंगाला ओरखडा पडता कामा नये, आपण सभ्य माणसं) दाराखालच्या पट्टीला लावावा. चिकटला तर आत पत्रा आहे. टपकन खाली पडला तर आत लांबी आहे. आणि तो पडताच मालक घाईघाईनं चहाचं विचारू लागला, तर लांबी किती आहे तेही कळतं.

लांबी म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी. कपाटाला भरतात, भिंतीला भरतात, तिथं माझी काही तक्रार नाही. गाडीची लांबी जरा उच्चकुलीन असते. डब्यातला राखी लगदा नि ट्यूबमधलं हार्डनर एकत्र कालवलं की पंधरा-वीस मिनिटांत दगड. त्यावर पॉलिश पेपर, वर रंग, वर मेण. गंजानं पडलेलं भोक अदृश्य! भोक गेलं कुठं? कुठंच नाही. ते तिथंच बसून जेवतंय.

माझा विरोध आहे तो या प्रकाराला. “तुमची स्वतःची गाडी कुठली हो?” असं आमच्या साडूंनी मला यावर विचारलं. माझी गाडी स्कूटर आहे. पण मी बी.कॉम. आहे, आणि बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. पोकळ वस्तू वरून भरीव कशी दिसते, या विषयावर बोलायला याहून मोठी पात्रता लागते असं मला वाटत नाही.

साडू इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ राहतात. त्यांच्याकडे लाल रंगाची, उघड्या टपाची एमजीबी आहे. ही स्पोर्ट्स कार ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांवर निघाल्या. म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. पण साडू तिच्याविषयी जे बोलतात ते ऐकून मेव्हणीचा चेहरा उतरतो, एवढं मी पाहिलं आहे.

आता या गाडीची गोम ऐका. तिच्या आधीच्या एमजीएला चासी वेगळी आणि वरचा डबा वेगळा होता. डबा कुजला तरी खालचा सांगाडा शाबूत. एमजीबीला वेगळी चासीच नाही. पत्र्याचा डबा हाच सांगाडा. त्यातून उघडी गाडी, म्हणजे वरून टपाचा आधार नाही. मग पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून कशाच्या जोरावर आहेत? बऱ्याच अंशी दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्यांच्या. इंग्रज त्यांना सिल म्हणतात. आपण उंबरठा म्हणू. हा उंबरठा बाहेरून एक पत्रा दिसतो. प्रत्यक्षात बाहेरची पाटी, मधला उभा पडदा, खालची पन्हळ असे पत्रे मिळून ती तुळई होते.

आणि गंज नेमका आतून येतो. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या पोटातल्या रबरी पट्टीवरून आत जातो नि उंबरठ्याच्या टोकाशी घर करून राहतो. हिवाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. लोखंड, पाणी, हवा आणि वर चवीपुरतं मीठ! गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, त्यामुळं जोडलेले पत्रे आपोआप उकलत जातात. बाहेर रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आत तेराव्याचं जेवण चाललेलं असतं.

साडूंनी फोडाला स्क्रू-ड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आतून काय निघालं? वर्तमानपत्र! आधीच्या कुणा मालकानं बोळे कोंबून त्यावर लांबी लिंपली होती. एरवी शांत असलेले साडू त्या अज्ञात मालकाला अस्सल सदाशिवपेठी मराठीत जे बोलले ते छापता येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लांबीचे दोन मोठे डबे घेऊन आले.

“अहो, विकायचीच आहे आता,” ते म्हणाले, “आणि हिला एम.ओ.टी. पण लागत नाही.”

हे खरं आहे, आणि माझ्या रागाचं मूळही इथंच आहे. एम.ओ.टी. म्हणजे तिकडची गाड्यांची वार्षिक तपासणी, १९६० पासूनची. तपासनीस गाडी उचलून खालून ठोकून बघतो. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथं जोडलंय तिथून ३० सेंटिमीटरच्या आत आधाराचा पत्रा कुजलेला निघाला की नापास. तिथं लांबी चालत नाही. सलग वेल्डिंग लागतं. पण २० मे २०१८ पासून, फारसा फेरबदल न केलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी माफ झाली. एमजीबी १९८० सालीच बंद झाली, म्हणजे आता एकूण एक चाळिशीपार. मी चाळिशी ओलांडली तेव्हा बँकेनं मला रक्त, लघवी आणि ईसीजी करून आणायला सांगितलं. गाडीनं ओलांडली तर म्हणे, बाईसाहेब, तुम्ही आता अनुभवी झालात, कशाला त्रास!

तपासणी माफ झाली, जबाबदारी नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर तिकडे २५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर शेरा आहेच. पण हे साडूंना सांगावं तर ते म्हणतात, “पकडणार कोण?” हा प्रश्न मी बँकेतही ऐकला आहे.

लांबीचा एक सुशिक्षित भाऊ आहे, त्याचाही इथं समाचार घेतो. कुजका उंबरठा तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा कोरा पत्र्याचा मुखवटा वेल्ड करायचा. यात लोहचुंबक चिकटतो! आमच्या धंद्यात याला नवं कर्ज देऊन जुनं कर्ज फेडून घेणं म्हणतात. खातं कसं हिरवंगार दिसतं. २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांची कर्जखाती कसून तपासली, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरच लावला, तेव्हा मुठीपर्यंत किती ठिकाणी आत गेला ते सर्वांनी पेपरात वाचलंच. मुखवट्याखालचा गंज थांबत नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवायला त्याला आयती फट मिळते.

यावर शहाणी माणसं म्हणतात, मग घरी करूच नका, वर्कशॉपात द्या. हेही मला मान्य नाही. वर्कशॉपवाला तासावर पैसे घेतो, आणि या कामात तासांचा हिशेब लावला तर गाडीच्या किमतीहून दुरुस्ती महाग. म्हणून तर लोक लांबीकडे वळतात! घरच्या माणसाच्या तासाला बाजारभाव नाही (हे आमच्या घरी रोज सिद्ध होतं), म्हणून कुजका पत्रा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापत जाणं घरच्या माणसालाच परवडतं. फक्त मग ते करावं तसं करावं.

शेवटी मेव्हणीनं डबे कपाटात घालून कुलूप लावलं आणि साडूंनी डावी बाजू कापायला घेतली. वेल्डिंग ते कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले आहेत. माझ्याकडे पाण्याची बादली होती. हसू नका. वेल्डिंगच्या ठिणग्या नि गाडीतला गालिचा यांचं फार चटकन जमतं. गालिचे, सीटा बाहेर, पेट्रोलची टाकी उतरवून लांब, बॅटरी सोडवलेली, आणि तरीही बादलीवाला हवाच. जुना रंग घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, कारण त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

पण सगळ्यांत महत्त्वाचं काम कापण्याआधीचं. गाडी सपाट जमिनीवर, चारी बाजूंनी सारखी टेकवायची आणि दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी धीरा पक्का बसवायचा. पडक्या वाड्याची भिंत काढताना देतात तसा. धीरा न देता उंबरठा कापला तर गाडी मध्ये वाकते. मग नवा उंबरठा त्या वाकलेल्या गाडीला वेल्ड होतो आणि दार जन्मात नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू. उंबरठ्याची टोकं मडगार्डांच्या मागं गेलेली असतात, म्हणून मडगार्डांचा खालचा भागही कापावा लागतो. तो न कापता जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतच पट्टी बसवणारे असतात, त्यांना मी लांबीवाल्यांतच मोजतो. वेल्डिंगही शिलाई मशीन चालवल्यासारखं सरळ मारत जायचं नाही. एक टाका इथं, दुसरा हातभर दूर, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. नाहीतर पातळ पत्रा तळलेल्या पापडासारखा वळतो. शेवटी पोकळीत आतून मेण फवारायचं. हे मेण बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुतेक जण विसरतात.

एवढं झाल्यावर, जोडावर उन्नीस-बीस राहिलं असेल तर त्या भरीव पत्र्यावर एखाद-दोन मिलिमीटर लांबी फिरवा. माझी हरकत नाही. कुंकू लावायला विरोध नाही, पण आधी कपाळ हवं.

आमच्याकडेही आता पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचा नियम २०२१ साली झाला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि गाडी मूळ रूपात हवी. झालं! मुंबईच्या खाऱ्या हवेत मूळ रूपाचा अर्थ काय निघेल तो निघो; लांबीवाल्यांची दिवाळी मला आत्ताच दिसते आहे.

डावा उंबरठा पुरा व्हायला सोळा दिवस लागले. प्रत्येक टप्प्याचा फोटो मी काढायला लावला, कारण व्हाउचरशिवाय खर्च मी मानत नाही. गाडी घ्यायला साडूंच्या ऑफिसातला एक मुलगा तयार आहे. नवीन लग्न झालंय, बायकोला घेऊन समुद्रकिनाऱ्यानं फिरायचं म्हणतो. डाव्या सीटवर बायको बसेल, उजवीकडे तो. उजव्या बाजूचा फोटो अजून एकही नाही. जाहिरातीत ‘उजवा उंबरठा कुजलेला आहे’ असं लिहायला साडू तयार नाहीत. किंमत निम्म्यावर येईल म्हणतात. येऊ दे की. मेव्हणीनं ते वाक्य लिहून फ्रिजच्या दारावर लावून ठेवलंय, आणि कपाटाची किल्ली अजून तिच्याकडेच आहे.