कन्सोल पोर्ट नको म्हणणाऱ्यांनो...

मागच्या शनिवारी जालना एमआयडीसीत मित्राच्या गोदामात गेलो, तर काट्यावर ट्रक उभे आणि बिलं निघेनात. कोणीतरी स्विचच्या व्हीलॅनमध्ये हात घातलेला! इंजिनिअर म्हणे सोमवारी संभाजीनगरहून लॅपटॉप घेऊन येणार. लॅपटॉप कशाला? माझ्याकडे अँड्रॉइड फोन, ओटीजी आणि कन्सोल केबल होती. सिरियल टर्मिनलचं अ‍ॅप उघडलं, वेग ९६०० बॉड ठेवला, मित्राच्या वहीतला पासवर्ड टाकला. दहा मिनिटांत काम फत्ते.

आता विक्रेता त्याला सांगतोय, नवा स्विच घ्या, सगळं क्लाउडवरून चालतं. त्याला कन्सोल पोर्टच नाही! अहो, स्विचच नेटपर्यंत पोचत नसेल तर तुमचं क्लाउड त्याच्याशी बोलणार कसं? की रिसेट मारून सगळी सेटिंग्ज पुसायची? आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं आहे, म्हणून काही ते टाकाऊ होत नाही. त्याला आयपी पत्ता लागत नाही, नेट लागत नाही. लागते फक्त वायर.

मोठ्या शहरात माणूस तासाभरात येतो, आमच्याकडे नाही. तेव्हा मंडळी, पोर्ट नसलेला स्विच घेऊ नका. आणि केबल कपाटात नको, स्विचशेजारीच टांगून ठेवा.