कार्ड तुझं, गाडी माझी

ऑनसाइटला निघालेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती असते, कुकर न्यावा का, सिमकार्ड कुठलं घ्यावं. ह्या यादीत हल्ली आणखी एक प्रश्न हमखास असतो: ‘अरे, तिथे लाँग वीकेंडला गाडी भाड्याने घ्यायचीय, पण माझं कार्ड अजून आलेलं नाही. रूममेटचं क्रेडिट कार्ड चालेल ना?’

छोटं उत्तर: बहुतेक ठिकाणी चालत नाही. मोठं उत्तर: कुठे चाललंच तरी वापरू नका, आणि उद्या कुणी तुमचं कार्ड मागितलं तर देऊ नका. हे दुसरं जरा कडू लागेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी नियम बघू. गाडी घ्यायला काउंटरवर गेलात की तीन गोष्टी मागतात: लायसन्स (आपल्याकडचं असेल तर सोबत आरटीओकडून घेतलेलं आंतरराष्ट्रीय परमिट), पासपोर्ट आणि कार्ड. ज्याच्या नावावर करार होणार त्या मुख्य चालकाच्याच नावाचं कार्ड हवं, असा जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांचा दंडक आहे. गंमत अशी की ऑनलाइन बुकिंग करताना पैसे कुणाच्याही कार्डाने भरता येतात. तिथे कुणी हटकत नाही. त्यामुळे आपली समजूत होते की काम झालं. मग विमानतळावर उतरून, बॅगा घेऊन, रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर काउंटरवरची बाई गोड हसून सांगते की डिपॉझिटसाठी तुमच्या नावाचं कार्ड द्या. नसेल तर गाडी मिळत नाही, आणि आधी भरलेले पैसे परत मिळतील की नाही ते बुकिंगच्या अटींवर.

आपल्याला हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो. पैसे मिळाल्याशी मतलब, ते कुणाच्या खिशातून आले ह्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? आपली सवयही तशीच. सेल लागला की ‘तुझ्याकडे अमुक बँकेचं कार्ड आहे का रे?’ असा फोन फिरतो. मित्राच्या कार्डावर फोन घेतला, त्याला लगेच यूपीआय केलं, दहा टक्के सूट खिशात, विषय संपला. आता इथे ‘विषय संपला’ हे महत्त्वाचं आहे. फोनची किंमत आधीच ठरलेली असते आणि तेवढीच रक्कम जाते. भाड्याच्या गाडीत असं होत नाही. तिथे कार्ड देता तेव्हा रक्कम ठरलेलीच नसते, आणि गाडी परत केली तरी ती ठरलेली असेलच असं नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, तर त्या भाषेत सांगतो. कार्डाच्या व्यवहारात दोन वेगळी पावलं असतात. पहिलं ऑथोरायझेशन, म्हणजे बँकेला ‘एवढी रक्कम बाजूला धरून ठेव’ असं सांगणं. दुसरं कॅप्चर, म्हणजे खरोखर रक्कम उचलणं. दुकानात ही दोन्ही पावलं एकामागोमाग होतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. गाडी भाड्याने देणारी कंपनी मात्र पहिलं पाऊल टाकून थांबते. अमेरिकेत अंदाजे भाडं आणि वर साधारण दोनशे-तीनशे डॉलर असं धरून ठेवतात. युरोपात कंपनीचा जादा विमा घेतला नाही तर हजार-दीड हजार युरो सहज अडकतात. दीड हजार युरो म्हणजे आजच्या दराने दीड लाख रुपयांच्या आसपास. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी लिमिट अडकते, डेबिट कार्ड असेल तर खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि गाडी परत केल्यावरही ते सुटायला काही दिवस जातात. आणि हा करार सही करताना आणखी एक कलम आपण मान्य करतो: नंतर काही खर्च निघाला तर तो ह्याच कार्डावर टाकायची परवानगी.

हा ‘नंतरचा खर्च’ म्हणजे काय? सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल घ्या. २०१३च्या मार्चपासून तिथे रोख टोल घेणं बंद झालं. गाडी पुलावरून जाते, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, बिल गाडीच्या मालकाकडे म्हणजे कंपनीकडे जातं आणि तिथून कार्डावर येतं, बऱ्याचदा कंपनीच्या सेवा-आकारासकट. इटलीत आणखी मजा आहे. फ्लॉरेन्स, रोम, पिसा अशा शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल नावाचे विभाग असतात. परवाना नसलेली गाडी ठरलेल्या वेळांत आत गेली की कॅमेरा फोटो काढतो. आपल्याला पत्ताही नसतो. देशाबाहेर राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिलेली आहे. कंपनी आधी चालकाचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचा आकार कार्डावर लावते, आणि मूळ दंडाची नोटीस मागाहून येते. तीन वेगवेगळ्या झेडटीएलमध्ये शिरलात तर हे तीनदा होतं.

आता ते कार्ड मित्राचं असेल तर काय होईल ते बघा. तुम्ही सहल करून आलात, भाड्याचे पैसे त्याला चुकते केलेत, फोटोही टाकून झाले. चार महिन्यांनी त्याच्या स्टेटमेंटमध्ये चाळीस-पन्नास युरो दिसतात. तो विचारतो, हे काय आहे? तुम्ही म्हणता, मी तर सगळे नियम पाळले होते. दोघेही खरं बोलताय, आणि तरी पैसे त्याच्याच खिशातून गेलेत. बंपरला चरा आला म्हणून सहाशे डॉलर लागले तर? तो चरा आधीपासून होता की नाही हे मित्राला कसं कळणार? तो तिथे नव्हताच. गाडी ज्याने पाहिलीच नाही, त्याने बँकेशी भांडायचं कशाच्या जोरावर?

इथे बरेच जण म्हणतात, ‘त्यात काय, बँकेला सांगायचं हा व्यवहार मी केला नाही.’ असं होत नाही हो. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचा अनधिकृत वापर झाला तर धारकाची जबाबदारी कायद्याने फार तर ५० डॉलर असते. पण तुम्ही स्वतःहून कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलंत तर तो वापर अनधिकृत राहत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७च्या जुलैमध्ये काढलेल्या परिपत्रकातही हेच तत्त्व होतं: ग्राहकाने स्वतः कार्डाची गुपितं दुसऱ्याला दिली आणि त्यातून नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्याने सोसायचं. आणि खरं तर, मित्राने बँकेला ‘मी केलं नाही’ असं सांगणं हे सरळसरळ खोटं आहे.

विम्याची गोष्ट तर ह्याहून वाईट. अमेरिकेतल्या अनेक क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण फुकट मिळतं. त्याच्या अटी साधारण सारख्याच असतात: कार्डधारक स्वतः मुख्य भाडेकरू असला पाहिजे, पूर्ण भाडं त्याच कार्डावर लागलं पाहिजे, आणि काउंटरवर मिळणारं कंपनीचं नुकसान-संरक्षण नाकारलेलं असलं पाहिजे. (काही कार्डं आयर्लंड, इस्रायल, जमैका असे देश वगळतात, तेही बघून घ्यावं.) पहिली अट पुन्हा वाचा. कार्ड मित्राचं आणि करार तुमच्या नावावर, तर हे संरक्षण मित्रालाही नाही आणि तुम्हालाही नाही.

मग आपली हुशार मंडळी दुसरी वाट काढतात. मित्र काउंटरवर जातो, स्वतःच्या नावाने गाडी घेतो, पार्किंगमधून बाहेर पडला की किल्ली तुमच्या हातात. पंचविशीच्या आतल्या चालकाला लागणारा जादा आकार वाचवायलाही हीच युक्ती. माझ्या मते हा सगळ्यांत धोकादायक प्रकार. करारात नाव नसलेला माणूस गाडी चालवत असेल तर करार मोडला, आणि बहुतेक करारांत त्याबरोबर नुकसानीचं संरक्षणही गेलं. अपघातात कुणी जखमी झालं तर? अमेरिकेत २००५ सालच्या ग्रेव्ह्ज अमेंडमेंट नावाच्या केंद्रीय तरतुदीनुसार, कंपनीची स्वतःची चूक नसेल तर केवळ गाडीची मालक म्हणून तिला चालकाच्या निष्काळजीपणासाठी जबाबदार धरता येत नाही. म्हणजे समोरच्याचा वकील कुणाकडे बघणार? चालवणाऱ्याकडे, आणि ज्याने सही करून किल्ली दुसऱ्याला दिली त्याच्याकडे. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला हे झेंगट परवडणारं आहे का?

आपल्या घरोघरी एक जुना नियम आहे: कुणाला जामीन राहायचं नाही. पतसंस्थेच्या किंवा सहकारी बँकेच्या कर्जाला सहकाऱ्याने ‘फक्त एक सही’ मागितली आणि पुढे ह्याच्या पगारातून हप्ते कापले गेले, असा एखादा काका प्रत्येकाच्या नात्यात सापडतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते. अर्धी नाही, पाव नाही. त्या पिढीला हे कलम माहीत नव्हतं, पण अनुभव होता. आपण मात्र प्लास्टिकचा तुकडा पुढे करतो आणि आपल्याला वाटतं की आपण फक्त पैसे फिरवले. गाडीच्या काउंटरवर दिलेलं कार्ड म्हणजे जामिनाची सहीच असते, आणि तीही कोऱ्या कागदावर.

पूर्वी पुण्यात तासावर सायकल मिळायची तेव्हा दुकानदार आधी विचारायचा, ‘राहतोस कुठे? ओळख कुणाची?’ सायकल घेऊन पसार झालास तर मी कुणाच्या दारात जायचं, एवढंच त्याला हवं असायचं. परक्या देशात तीस हजार डॉलरची गाडी अनोळखी माणसाला देणाऱ्या कंपनीचाही प्रश्न तोच आहे. कार्डावरचं नाव म्हणजे ते दार. गाडी एकाच्या हातात आणि दार दुसऱ्याचं, हे तिला नको असतं. मला तरी ह्यात आडमुठेपणा दिसत नाही.

आता दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. नव्याने गेलेल्या माणसावर हा नियम अन्याय करतो. पगार चांगला असतो, खात्यात पैसे असतात, पण क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून कार्ड नाही, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत गाडीशिवाय किराणा आणणंही मुश्कील. नवरा-बायकोंचं तर नेहमीचं. घरातलं एकमेव कार्ड नवऱ्याच्या नावावर, आणि गाडी चांगली चालवते बायको. ती एकटी काउंटरवर गेली तर रिकाम्या हाताने परत. हे चीड आणणारं आहे, कबूल. पण त्या अन्यायाची किंमत मित्राने का मोजायची? आणि सरळ मार्ग आहेत की.

पहिला, ॲड-ऑन कार्ड. खातं दुसऱ्याचं, पण कार्डावर नाव तुमचं. आपल्या बँका नवरा-बायको, आईवडील, सज्ञान मुलं ह्यांना ते देतात. अमेरिकेत ह्याला ऑथोराइज्ड यूजर म्हणतात. जबाबदारी खातेदाराचीच राहते, पण निदान ती डोळे उघडे ठेवून घेतलेली असते. दुसरा, भारतातून निघतानाच स्वतःचं क्रेडिट कार्ड घेऊन जा. लिमिट पुरेशी आहे का बघा, ॲपमधून परदेशी वापर चालू करा (२०२० सालच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो), पिन पाठ करा, आणि कार्डावरचं नाव लायसन्सवरच्या नावाशी जुळतं का तेही तपासा. परकीय चलनाचा आकार बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, वर जीएसटी. तो द्या, मैत्रीपेक्षा स्वस्त पडतो. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर मात्र विसंबू नका, डिपॉझिटला ते बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तिसरा, तिथे पोचल्यावर बँकेत थोडी अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या. क्रेडिट हिस्टरीची सुरुवातही त्यानेच होते. चौथा, डेबिट कार्ड घेणारी शाखा शोधा. परतीचं तिकीट वगैरे मागतील, ते दाखवा.

आणि पाचवा, माझ्या आवडीचा: ज्याचं कार्ड, तोच मुख्य भाडेकरू, आणि तो सहलीला सोबत. बाकीचे अधिकृत जादा चालक म्हणून करारात. दिवसाला थोडे डॉलर जादा पडतील, अमेरिकेत अनेक कंपन्या जोडीदाराचे तेही घेत नाहीत. गाडी घेताना आणि परत करताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. आणि सहल संपल्यावर हिशोब मिटवताना आधीच बोलून ठेवा की टोल, दंड काही मागून आलं तर सगळ्यांत वाटून घ्यायचं.

मागणाऱ्याला बहुतेक वेळा आपण काय मागतोय हे माहीत नसतं, आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘तुझं कार्ड जरा वापरू का?’ म्हणालं, तर ‘कार्ड नको, मीच येतो, गाडी माझ्या नावावर घेऊ’ असं सांगून बघा. मित्राला वाईट वाटणार नाही, आणि फुकटात सहलही होईल. सोबत जाणं शक्य नसेल तर सरळ नाही म्हणा. तो चार दिवस रुसेल, पण सहा महिन्यांनी आलेल्या दंडावरून अबोला धरण्यापेक्षा ते बरं. बघा, पटतंय का.