नववीची सुट्टी

2025 सालच्या उन्हाळ्यात आमची लेक नववी पार करून दहावीत गेली. त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने घ्यायचे ठरले होते आणि त्या 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. विदर्भ सोडला तर शाळा 16 जूनला उघडायच्या होत्या. म्हणजे हिशेबाने दीड महिन्याची सुट्टी. त्यातले नऊ दिवस तिच्या वाट्याला आले. बाकीचे दिवस मी आधीच विकून बसलो होतो. 'विकून' हा शब्दही बरोबर नाही म्हणा, कारण पैसेही मीच मोजले होते.

दहावीची 'व्हेकेशन बॅच' 28 एप्रिलला, निकालाचीही वाट न पाहता सुरू झाली. सकाळी आठ ते बारा. मधे नऊ दिवस क्लासला विश्रांती, तेवढ्यात आम्ही राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन आलो.

मे महिना म्हणजे गावी आमसुलांचे दिवस. रतांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या आगळात बुडवून उन्हात घालायच्या. वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. असे पाच-सहा वेळा. काम अवघड नाही, पण ते एका दिवसात उरकत नाही आणि त्याला हात लागतात. पूर्वी ते हात सुट्टीला आलेल्या नातवंडांचेच असत. आम्ही सात-आठ चुलत-आत्ये भावंडे महिनाभर असायचो. वानरे हाकणे, संध्याकाळी चटया उचलणे ही कामे आमचीच. त्याला कुणी 'उपक्रम' म्हणत नसे.

लेकीने आजीबरोबर चार-पाच दिवस रतांबे फोडले, हात लाल करून घेतले, आणि 18 मेला आम्ही निघालो. आजीने एवढेच विचारले, ''सुट्टी म्हणतेस, मग निघालीस कशी गो?'' तिने माझ्याकडे पाहिले. मी बॅगेची चेन लावत राहिलो.

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात 24 मेला आणि मुंबईत 26 मेला पोचला. कोकणात तर त्याआधीच कोसळू लागला होता. आजी एकटी. चटया उचलेपर्यंत निम्मी आमसुले भिजून गेली.

आता वाचक म्हणतील, बॅचला घातले ते चुकले का? सरकारचे म्हणणे विचारात घ्यायचे तर चुकलेच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. 2020 च्या दप्तर धोरणातही नववी ते बारावीच्या मुलांना रोज जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ, असे म्हटले आहे. त्याच्याही आधी, 1993 मध्ये, प्रा. यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल दिला होता. मुलांना शिकवले पुष्कळ जाते, उमगते थोडे, हा त्याचा गाभा. अहवालांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

मग अडते कुठे? माझ्या मते आपल्या भीतीपाशी, आणि ही भीती आता नापास होण्याची राहिलेली नाही. 2025 च्या दहावीचा राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. शंभर टक्के गुण मिळवणारेच 211 जण निघाले. उत्तीर्ण सगळेच होतात म्हटल्यावर लढाई उरते ती रांगेतल्या जागेची. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश त्याच वर्षी काही शहरांपुरते न राहता राज्यभर लागू झाले, त्यामुळे ती रांग आता गावोगाव दिसू लागली आहे. अर्ध्या टक्क्याने महाविद्यालय हुकते, हे शेजारच्या घरात पाहिलेला बाप आजीला काय उत्तर देणार? क्लासवाल्यांनी ही भीती निर्माण केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी ती ओळखली आणि तिचे हप्ते पाडून दिले.

पण मिळाले काय, तेही सांगायला हवे. सुट्टीत 'प्रकाशाचे अपवर्तन' आणि 'भिंगे' हे धडे झाले. पुढे शाळेत तेच धडे आले, तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसून कंटाळत होती. शिक्षिकेच्या ते लक्षात आले. ''अर्ध्या वर्गाचे झालेलेच आहे, मी कुणासाठी शिकवू?'' असे त्या पालकसभेत म्हणाल्या. आम्ही पालक हसलो. त्या हसल्या नाहीत. ज्या अर्ध्या वर्गाचे झालेले नव्हते, ती फी न परवडणाऱ्या घरांतली मुले होती, हे मला सभेतून परतताना सुचले. आमच्या सुट्टीच्या मोबदल्यात त्यांच्या वर्गातली गतीच बदलली होती.

त्या जूनमध्ये आजीने पाठवलेल्या आमसुलांची पिशवी नेहमीच्या निम्मी होती. लेकीने ती उघडून वास घेतला आणि विचारले, ''बाबा, हे आपण फोडलेले की नंतरचे?'' मला सांगता आले नाही.

धाकटा आता नववीत आहे. क्लासमधून फोन येऊन गेला. लवकर नाव नोंदवले तर फीत सवलत आहे म्हणे. मी अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.