मुलांचे नागरिकत्व आणि अठरावे वर्ष

मोरजीत काय किंवा डिचोलीत काय, पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघाला की बोलणे लंडनच्या नोकरीवर जाते. मुलांच्या कागदांचा विचार मागाहून होतो.

१९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे भारतीय नागरिक ठरली. महिनाभरात लेखी नकार देणारे तेवढे वगळले. पोर्तुगालही गोवामुक्तीआधी इथे जन्मलेल्यांचा हक्क मानते. आजोबांची जन्मनोंद लिस्बनला झाली की पुढे बाबांची, मग मुलांची करता येते.

भारतात मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. आई किंवा वडिलांनी घोषणापत्र देऊन भारतीय नागरिकत्व सोडले, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ८ प्रमाणे त्यांच्या अल्पवयीन मुलांचेही जाते. मुलांना कोणी विचारत नाही.

पण त्याच कलमात एक वाट ठेवली आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून वर्षभरात, भारतीय नागरिकत्व परत हवे असे घोषणापत्र मुलाला देता येते. तेव्हा मुलांचे जन्मदाखले आणि जुने पासपोर्ट जपून ठेवा, आणि अठराव्या वाढदिवसाला केक कापून झाला की त्यांना ही मुदतही सांगा.